लोकशाही: शब्द कुठला, त्यातले ‘लोक’ कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या शाळांत मी सत्तावीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून शिवलेला आणि परीक्षेआधी उरकायचा विषय. तरी पोरांचे खरे प्रश्न तिथेच यायचे. निवृत्तीनंतरही ते थांबलेले नाहीत. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, भाषणाची तयारी करणारी मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे माझे जुने विद्यार्थी रात्री अकराला फोन करून विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

लोकशाही म्हणजे काय, एका वाक्यात सांगता येईल का?

ज्या राज्यात शेवटचा शब्द लोकांचा असतो, ती लोकशाही. वाक्य इथे संपतं आणि भांडण सुरू होतं: ‘लोक’ कोणाला म्हणायचं, आणि त्यांनी तो शब्द सांगायचा कसा? गेली अडीच हजार वर्षं हे भांडण चालू आहे.

‘शाही’ तर राजाची असते. मग लोकांच्या राज्याला ‘शाही’ कसं म्हणतात?

हा प्रश्न पहिल्यांदा आठवीतल्या एका मुलीने विचारला होता. तिचं बरोबर होतं. ‘लोक’ संस्कृतातून आला आणि ‘शाही’ फारसीतून. शाह म्हणजे राजा, शाही म्हणजे राजाचं किंवा राजेपण. शाही थाट, शाही बिर्याणी यांतही तोच अर्थ आहे. दोन्ही जोडले की ‘लोकांचं राजेपण’ असा अर्थ निघतो. आधी एकाच्या डोक्यावर असलेला मुकुट सगळ्यांच्या डोक्यावर ठेवायचा, अशी काहीशी ही कल्पना आहे.

आपल्या भागाला ‘शाही’ शिकवावी लागली नाही. बहमनी राज्य फुटून इमादशाही, निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही आणि बरीदशाही अशा पाच शाह्या झाल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या सीमा मराठवाड्यातूनच फिरत होत्या. उदगीर आणि कंधार बरीदशाहीत, दौलताबाद निजामशाहीत, आणि पाथरीवरून इमादशहा व निजामशहा यांच्यात झटापटी. त्यामुळे राज्य कुणाचंही असो, मराठी माणूस त्याच्या नावापुढे ‘शाही’ लावून मोकळा व्हायचा. लोकांचं राज्य यायची वेळ आली तेव्हाही तोच साचा हाताशी होता.

जाता जाता एक गोष्ट. अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचा निजाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली १६३६ मध्ये संपली. दुसऱ्याचं राज्य, म्हणजे आसफजाही घराण्याचं, १७२४ मध्ये सुरू झालं. दरवर्षी निम्मा वर्ग अहमदनगरच्या निजामशाहीतल्या मलिक अंबरला हैदराबादला पाठवतो.

इंग्रजी ‘डेमॉक्रसी’ कुठून आला?

ग्रीक भाषेतून. मूळ शब्द ‘डेमोक्रातिया’. त्यात ‘डेमॉस’ म्हणजे लोक आणि ‘क्रॅटोस’ म्हणजे बळ, सत्ता, पकड. इसवी सन पूर्व पाचव्या शतकात तो अथेन्समध्ये रुळला. हिरोडोटस या इतिहासकाराच्या लिखाणात तो सापडतो. तेराव्या शतकात ॲरिस्टॉटलचे ग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा तो लॅटिनमध्ये शिरला, तिथून फ्रेंचमध्ये आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत.

‘डेमॉस’ म्हणजे सगळेच लोक का?

नाही. शब्दाची खरी गंमत इथेच आहे.

‘डेमॉस’चा एक अर्थ गाव किंवा वस्ती असा होता. भाषेचे अभ्यासक त्याचा संबंध ‘वाटणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. म्हणजे जमिनीची वाटणी, आपापलं शिवार. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्याने अथेन्सच्या प्रदेशाची अशा १३९ गाववस्त्यांत मांडणी केली आणि नागरिकांची नोंद गावनिहाय केली. बापाच्या, घराण्याच्या नावापेक्षा माणूस गावाच्या नावाने ओळखला जावा, हा त्यामागचा हिशेब होता. सॉक्रेटिसची ओळख ‘अलोपेकेचा सॉक्रेटिस’ अशी होती. आपल्या पैठणकर, नांदेडकर, अंबेजोगाईकर यांच्यासारखीच. अलोपेकेकर म्हणा हवं तर.

दुसरा अर्थ नागरिकांचा सगळा समुदाय. तिसरा अर्थ गोरगरीब, सामान्य माणसं, बड्या घराण्यांच्या बाहेरची. म्हणून श्रीमंत अथेनियन माणूस ‘डेमोक्रातिया’ म्हणायचा तेव्हा त्याच्या तोंडी ‘या फाटक्या लोकांचं राज्य’ असाही सूर असायचा.

या तिन्ही अर्थांतून बायका बाहेर होत्या, गुलाम बाहेर होते आणि परगावाहून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोकही बाहेर होते. इ.स.पू. चौथ्या शतकात मताचा अधिकार असलेले प्रौढ पुरुष साधारण ३०,००० होते. राबणारे हात याहून कितीतरी जास्त होते.

‘क्रॅटोस’ऐवजी दुसरा शब्द का घेतला नाही? मोनार्की, ओलिगार्की यांत तर ‘आर्की’ आहे.

अभ्यासिकेतल्या एका पोराने विचारलेला प्रश्न आहे, आणि चांगला आहे. ‘आर्के’ म्हणजे गादी, पद, अधिकाराची जागा. एक जण गादीवर असला की मोनार्की, थोडे असले की ओलिगार्की. लोक मात्र कुठल्या एका गादीवर बसत नाहीत. त्यांच्याकडे असतं ते बळ. म्हणून त्यांच्या वाट्याला ‘क्रॅटोस’ आला असावा, असं काही अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. मराठीत नेमका शब्द शोधायचा तर ‘लोकशाही’पेक्षा ‘लोकबळ’ जवळचा ठरेल. पण तो आता पैलवानांच्या तालमीचं नाव वाटतो.

अथेन्समध्ये कारभार प्रत्यक्षात कसा चालायचा?

आपल्या ग्रामसभेसारखा. फक्त आपल्या ग्रामसभेला येतात त्याहून बरीच माणसं यायची.

प्निक्स नावाच्या टेकडीवर सभा भरायची. दवंडीवाला ओरडून विचारायचा, कोणाला बोलायचंय? मग ज्याला वाटेल तो नागरिक उठून बोलायचा, मोची असो की जमीनदार. मत हात वर करून. काही ठरावांना ६,००० जणांची गणपूर्ती लागायची. माणसं बाजारात रेंगाळली तर लाल रंगात बुडवलेला दोर दोन्हीकडून ताणून त्यांना सभेकडे हाकलायचे, आणि ज्याच्या कपड्याला रंग लागला तो कामचुकार ठरायचा. तरीही माणसं कमी पडायला लागली म्हणून इ.स.पू. ४०० च्या आसपास सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू झाला.

रोजचं कामकाज पाचशे जणांची परिषद बघायची. तिचे सदस्य चिठ्ठ्या टाकून ठरत, मुदत एक वर्ष, आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच संधी. बहुतेक पदंही चिठ्ठीनेच. निवडून द्यायचे ते सेनापती, कारण लढाई चिठ्ठीवर सोडता येत नाही. आज आपण निवडणूक आणि लोकशाही एकच समजतो. ॲरिस्टॉटलने मात्र लिहून ठेवलं आहे की चिठ्ठीने पद देणं ही लोकशाहीची रीत मानतात, आणि निवडणुकीने देणं ही मूठभरांच्या राज्याची. निवडणुकीत नाव, पैसा आणि घराणं असलेलाच पुढे जातो, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

कोणी फार डोईजड झाला तर त्याला दहा वर्षं शहराबाहेर घालवायची सोय होती. मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरून टाकायचं. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने यातली एक गोष्ट सांगितली आहे. अशा मतदानाच्या दिवशी एक अडाणी शेतकरी ॲरिस्टायडीझ नावाच्या पुढाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, यावर जरा ‘ॲरिस्टायडीझ’ लिहून द्या. समोर कोण उभा आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याने तुमचं काय वाईट केलं, असं विचारल्यावर शेतकरी म्हणाला, काही नाही, जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळा आलाय. ॲरिस्टायडीझने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून खापरी परत दिली. सातवीचा वर्ग या गोष्टीला हसायचा. दहावीचा वर्ग गप्प व्हायचा.

हा शब्द पहिल्यापासून चांगल्या अर्थाचाच होता ना?

उलट, दोन हजार वर्षं तो बराचसा शिवीसारखा वापरला गेला. इ.स.पू. ३९९ मध्ये लोकांच्याच न्यायसभेने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. त्याचा शिष्य प्लेटो लोकशाहीवर कायमचा नाराज राहिला. ॲरिस्टॉटलने तिला बिघडलेल्या राज्यपद्धतींत धरलं. अमेरिकेची घटना १७८७ मध्ये तयार झाली, तिच्यात ‘डेमॉक्रसी’ हा शब्दच नाही. घटना घडवणाऱ्यांतला जेम्स मॅडिसन प्रजासत्ताकाची बाजू घेत होता आणि निव्वळ लोकशाहीला दंगाधोप्याचं राज्य समजत होता.

विसाव्या शतकात वारं फिरलं आणि हा शब्द सगळ्यांनाच हवासा झाला. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाही आहे, लोक आहेत आणि प्रजासत्ताकही आहे. पाटीवर एवढं लिहिलेलं दिसलं की दुकानात माल आहे का, हे आधी विचारावं.

‘लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य’ ही व्याख्या लिंकनचीच ना?

शब्द लिंकनचे. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग इथे, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवर केलेल्या अगदी लहान भाषणात. मात्र त्या भाषणात ‘डेमॉक्रसी’ हा शब्द एकदाही येत नाही. व्याख्या करायची म्हणून ते बोलले नव्हते, आपण तिची व्याख्या केली. परीक्षेत बिनधास्त लिहा, मार्क मिळतात.

ग्रीक व्यापारी पैठणला माल घ्यायचे म्हणतात. मग शब्द तेव्हाच आपल्याकडे आला असेल का?

माल गेला, शब्द आला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठण आणि तगर यांची नावं आहेत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर, आणि तिथलं कापड गाड्यांनी भडोचला यायचं, असा त्यात हिशेब आहे. पण तोवर अथेन्सची लोकशाही मोडून तीनशेहून जास्त वर्षं झाली होती, आणि इथे सातवाहन राजे होते.

मराठवाड्यात एक ग्रीक नाव मात्र रोज घेतलं जातं, फक्त ते ग्रीक आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढलं. त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा. भिक्खू नागसेनाला त्याने प्रश्नावर प्रश्न विचारले, आणि त्या संवादाचा पाली ग्रंथ झाला. राजाने प्रश्न विचारायचे आणि उत्तर ऐकून घ्यायचं, हे कॉलेजच्या नावातच घातलेलं आहे.

आपल्याकडे पूर्वीपासून लोकशाही होतीच, असं भाषणात म्हणू का?

म्हणा, पण मोजूनमापून. वैशालीच्या लिच्छवींसारखी गणराज्यं होती. तिथे एक राजा नव्हता, निर्णय सभेत व्हायचे, पण सभेत बसायचा मान मोजक्या कुळांना होता. अथेन्सचंही तेच होतं, तेव्हा लाज वाटून घ्यायचं कारण नाही आणि ऊर बडवायचंही नाही.

बौद्ध भिक्खुसंघाचे नियम मात्र थक्क करणारे आहेत. वाद मिटेना तर बहुमत घ्यायचं, त्यासाठी रंगीत काड्या वाटायच्या. त्यांना शलाका म्हणत. काड्या गोळा करणारा माणूस पक्षपात न करणारा असला पाहिजे, अशी अट. मत उघड घेता यायचं, कानात सांगून घेता यायचं आणि गुप्तही घेता यायचं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच संघाचा दाखला दिला. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, हे सगळं या देशाला माहीत होतं आणि नंतर हरवलं, असं ते म्हणाले.

निलंगा-उमरग्याची मंडळी लगेच बसवकल्याणचं नाव काढतात, कारण ते शेजारीच आहे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात, म्हणजे चर्चेच्या सभेत, निरनिराळ्या जातींचे शरण (त्यांच्या पंथातले भक्त) एकत्र बसत, अक्कमहादेवींसारख्या स्त्रियाही बोलत, आणि अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू असत. त्याला ‘पहिली संसद’ म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते थोडं ताणल्यासारखं वाटतं. राज्य कोणी करावं हे तिथे ठरत नव्हतं. पण कोण कोणाच्या शेजारी बसतो हे तिथे ठरलं, आणि त्या काळात ती त्याहून मोठी गोष्ट होती.

आणखी एक जवळची गोष्ट. जुन्या काळी वतनाचे, हद्दीचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावातल्या वतनदार-बलुतेदारांच्या सभेपुढे, यायचे. निर्णयाचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणत. त्यावर जमलेले लोक आपापली निशाणी करायचे. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. लिहिता न येणारा माणूसही कागदावर स्वतःच्या चिन्हाने हजर असायचा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक मतदारांना अक्षरओळख नव्हती म्हणून उमेदवारांना चित्रं दिली. ती मतपेट्यांवरची बैलजोडी बघून गावच्या म्हाताऱ्यांना फार नवल वाटलं नसावं. फरक मोठा होता तरी. गोतसभेत मान जातीच्या पायरीप्रमाणे होता. मतपेटीपुढे पायरी नव्हती.

निजामाच्या राज्यात ‘लोकशाही’ हा शब्द वापरत होते का?

निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या चळवळीची मागणी ‘जबाबदार राज्यपद्धती’ या नावाने होती. म्हणजे राज्यकारभार करणारे मंत्री लोकांना जबाबदार असावेत, निजामाला नव्हे. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा उर्दू, कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत, आणि संस्थानातला एक मोठा मुलूख ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे त्याचा वसूल थेट निजामाच्या खासगी खजिन्यात. ब्रिटिश मुलखातली माणसं आपल्या भागाला सरळ ‘मोगलाई’ म्हणायची. इथे परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी होती. गश्ती क्रमांक ५३ या नावाने ते परिपत्रक कुप्रसिद्ध आहे. जिथे चार माणसं जमवायची चोरी, तिथे लोकशाही शब्द उच्चारून करणार काय?

म्हणून आधी वाचनालयं, शाळा आणि परिषदा आल्या. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली, ती जन्मायच्या आधीच बंदीत गेली, आणि बंदी उठली १९४६ मध्ये. चळवळीचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ मुळात मास्तर. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईत, जिला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. एका मास्तराला याचा थोडा जास्तच अभिमान वाटतो, तेवढा चालवून घ्या.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला. ही तेरा महिन्यांची गोष्ट तुम्हाला पाठ असते. पुढची बहुधा नसते. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, आणि त्या दिवशी हैदराबाद राज्याचे ‘राजप्रमुख’ झाले मीर उस्मान अली खान, म्हणजे तेच निजाम. १९५६ पर्यंत ते त्या पदावर होते. आपण १९५२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेला मतं दिली ती हैदराबादच्या, आणि त्या राज्याच्या शिरोभागी शाहीतला माणूस बसलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

लोकशाही, प्रजासत्ताक, गणराज्य: तिन्ही एकच का?

नाही. लोकशाहीत सत्ता लोकांची असते. प्रजासत्ताकात राष्ट्रप्रमुखाचं पद वंशाने येत नाही. इंग्लंड लोकशाही आहे, पण तिथे राजा आहे, म्हणून ते प्रजासत्ताक नाही. गणराज्य हा प्रजासत्ताकाचाच जुन्या वळणाचा शब्द. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ आहे, हिंदीत ‘लोकतंत्रात्मक गणराज्य’.

‘प्रजासत्ताक’ शब्दावर माझा जुना राग आहे. प्रजा म्हणजे मूळ संस्कृतात संतती, लेकरं. आणि प्रजा असली की राजा गृहीतच. राजा घालवला आणि आपण प्रजाच राहिलो, असा त्याचा ध्वनी येतो.

शेजारच्या भाषांत काय म्हणतात?

हिंदीत लोकतंत्र, गुजरातीत आपल्यासारखंच लोकशाही, तेलुगूत प्रजास्वाम्य, कन्नडात प्रजाप्रभुत्व, उर्दूत जम्हूरियत. जम्हूर म्हणजे अरबीत लोकसमुदाय. नांदेड किंवा बीडच्या बाजारात अर्धा तास उभं राहिलात तर यांतले निदान तीन कानावर पडतील.

मत, मतदान, उमेदवार, निवडणूक हे शब्द कुठले?

‘मत’ म्हणजे विचार. मग ‘मतदान’ म्हणजे विचाराचं दान? मला हा शब्द खटकतो. दान दिलं की देणाऱ्याचा त्यावर हक्क उरत नाही. पुढारी लोक नेमकं हेच धरून चालतात. इंग्रजी ‘व्होट’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ मात्र नवस. नवस फेडून घ्यायचा असतो, तेव्हा तो बरा.

‘उमेदवार’ फारसी, ज्याला उमेद आहे तो. ‘कँडिडेट’ म्हणजे लॅटिनमध्ये पांढरे कपडे घातलेला, कारण रोममध्ये पद मागणारे पांढराशुभ्र झगा घालून फिरायचे. आपल्याकडचे पांढरे कपडे कुठून आले ते सांगायला नको.

आणि ‘निवडणूक’ आपल्या घरातली. माझी आई दुपारी ओट्यावर सूप घेऊन तूर निवडायला बसायची. एक घोळ पाखडायचा, मग बोटाने बारीक खडे बाजूला सारायचे. किडका दाणा उजेडाकडे धरून बघायचा. हे काम घाईत होत नाही आणि दुसऱ्यावर सोपवलं तर जेवताना दाताखाली खडा येतोच. त्या ‘निवडणे’ला ‘-णूक’ लागली की निवडणूक. ‘फसवणूक’लाही हीच ‘-णूक’ आहे, हे वर्गातल्या एका कार्ट्याने माझ्या आधी शोधलं.

बहुमत म्हणजेच लोकशाही का?

बहुमताशिवाय लोकशाही चालत नाही, पण नुसतं बहुमत पुरत नाही. लांबचं उदाहरण देत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. लोकांच्या प्रतिनिधींनी शेवटचा शब्द दिला होता. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. गावात संख्या ज्यांची जास्त होती, त्यांनी ती वापरली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. सभागृहात झाली ती लोकशाही, वस्तीवर झाली ती झुंडशाही. दोन्हींत माणसं मोजूनच काम झालं, हे मुलांना सांगताना माझा आवाज दरवेळी अडकतो.

मुक्तिसंग्रामाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ४ नोव्हेंबर १९४८ ला, बाबासाहेब संविधान सभेत म्हणाले होते की भारतातली लोकशाही ही मुळात लोकशाही नसलेल्या जमिनीवर वरवर घातलेला थर आहे. त्यांनी वापरलेल्या इंग्रजी शब्दाला आपला शेतकरी वरखत म्हणतो. पीक उभं राहिल्यावर वरून दिलेलं खत. जमीनच कसदार नसेल तर वरखताने किती दिवस निभेल, हे ज्याला दोन एकर कोरडवाहू आहे त्याला विचारा.

‘-शाही’वाले बाकीचे शब्द सांगा.

हुकूमशाही, नोकरशाही, भांडवलशाही, सरंजामशाही, दडपशाही, झुंडशाही, घराणेशाही, बेबंदशाही. यादी वाचल्यावर लक्षात येतं की ‘शाही’ जोडल्यावरही चांगल्या अर्थाचा राहिलेला शब्द जवळजवळ एकच आहे. शिवशाहीसुद्धा आता एसटीची गाडी म्हणून जास्त माहीत.

आमची आजी म्हणते, ‘लोकाचं राज्य हाय, मपलं काय त्यात?’ तिला काय सांगू?

आजी व्याकरणाने अगदी बरोबर बोलते आहे. आपल्याकडे ‘लोकाचं’ म्हणजे दुसऱ्याचं. लोकाचं शेत, लोकाची लेक, लोकाच्या बांधावर जाऊ नको. आणि स्वतःचं ते ‘मपलं’. ‘लोक काय म्हणतील’ यातही लोक म्हणजे आपण सोडून बाकी सगळे. त्यामुळे ‘लोकशाही’ ऐकल्यावर तिच्या कानात दुसऱ्यांचंच राज्य वाजतं. त्यात तिच्या अनुभवाचाही भाग असेल. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीत येऊ शकली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं.

तिला व्याख्या सांगू नका. मी बघितलेली एक गोष्ट सांगा, गाव राहू द्या. ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी ती लागते. त्या गावात मारुतीच्या पारावर अकरा माणसं होती, त्यांतले चार पत्ते खेळत होते. मग नेहमीप्रमाणे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या जमवायला निघाला. एका दारात साठीच्या पुढची बाई धुण्याचे हात पदराला पुसत आली.

“कशाची सही?”

“ग्रामसभेची, काकू.”

“कवा हाय?”

“झाली की.”

तिने रजिस्टर घेतलं, पान उलटलं. ठरावांची जागा कोरी होती. साक्षरता वर्गात शिकलेली बाई, बोट ठेवून वाचायची. खालच्या सह्या तिने एकेक वाचल्या. त्यात तिच्या मयत दिराचंही नाव निघालं.

“ठिव हितं,” ती म्हणाली. “इशय लिहून आण. मग वाचून सही करते.”

शिपाई म्हणाला, काकू, रजिस्टर ऑफिसात द्यायचंय, सायेब बसलेत. ती उंबऱ्यावर बसली. रजिस्टर मांडीवर, त्यावर दोन्ही हात. मी तिथून निघालो तेव्हा ग्रामसेवक, सरपंचाचा भाऊ आणि पत्ते टाकून आलेले दोघे तिच्या अंगणात उभे होते, आणि ती त्यांना पहिला विषय पाण्याचा लिहायला सांगत होती.